परक्या नगरीची शिस्त

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने घरी परतल्यावर काय सांगावे, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. तेथील रस्ते आरशासारखे स्वच्छ, गाड्या घड्याळाच्या काट्याबरोबर धावणाऱ्या, माणसे मितभाषी व आपापल्या कामात दंग, असे सांगून झाले आणि शेवटी एक सुस्कारा टाकून ‘नाही तर आपल्याकडे!’ असे म्हटले, की प्रवासवृत्त संपूर्ण झाले. ऐकणारेही मान डोलावतात आणि चहाचे पेले खाली ठेवून आपल्या कामास लागतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, दसरा उरकून सौ. आणि मी चिरंजीवांकडे बर्लिन येथे गेलो व नाताळानंतर परतलो. पहिला महिनाभर मीही हाच पाठ मनात घोकत होतो. पुढे काय घडले आणि तो पाठ मला अपुरा का वाटू लागला, तेवढेच या खेपेस वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

बर्लिन हे नाव मला लहानपणापासून परिचित होते, ते राजकारणामुळे नव्हे, तर व्याकरणामुळे. पाठशाळेत आमचे गुरुजी जर्मन पंडितांची नावे ऋषींच्या नावांप्रमाणे आदराने घेत. फ्रान्ट्स बोप या पंडितांनी १८१६ साली संस्कृत क्रियापदांच्या रूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील रूपांशी तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८२१ पासून ते बर्लिनच्या विद्यापीठात अध्यापक होते. त्यामुळे विमानातून उतरताना मी मनाने एखाद्या गुरुकुलातच उतरत होतो म्हणा ना! दुसऱ्याच दिवशी ट्रामच्या थांब्यावर उभा असता ‘इस्ट’ हा शब्द वाक्यावाक्यात कानी पडू लागला, आणि हा तर आपला ‘अस्ति’, अशी ओळख पटताच मला परगावी सोयरा भेटल्यासारखे झाले. मुलीस ते ‘टोख्टर’ म्हणतात, तीच आपली दुहिता. आठास ‘आख्ट’ म्हणतात, ते आपले अष्ट. त्या थांब्याला जो शब्द आहे तो ‘श्ट्रासेनबानहाल्टेश्टेले’ असा एवढा लांब. माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या साह्याने मी त्याचा विग्रह केला, तेव्हा रस्ता, मार्ग, थांबणे आणि जागा असे चार अवयव हाती आले. समास सुटल्याचा आनंद निवृत्त शिक्षकास किती होतो, हे ज्याचे त्यास ठाऊक. सूर्य मात्र त्या भाषेत स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. नोव्हेंबरात या सूर्यबाई दुपारी साडेचारच्या आतच पदर सावरून निघून जातात, असे आम्ही उभयता गमतीने म्हणत असू.

त्या शहराच्या शिस्तीशी आमची पहिली गाठ पडली ती स्वयंपाकघरात. आम्ही पोहोचलो त्या रात्री झोपेचे गणित चुकलेले असल्यामुळे कोणालाच झोप येईना. सौ.ने दहा वाजून गेल्यावर खिचडी टाकावयास घेतली. मोहरी तडतडते न तडतडते तोच माथ्यावरील छतातून कर्कश शिट्टी सुरू झाली. धूर लागताच वाजणारे ते यंत्र तेथे प्रत्येक बिऱ्हाडात बसवावेच लागते, असा कायदा आहे. चिरंजीव खुर्चीवर चढून त्याचे तोंड बंद करीत आहेत, सूनबाई खिडक्या उघडीत आहेत आणि सौ. हातात झारा घेऊन अपराध्यासारखी उभी आहे, अशा स्थितीत दारावर टकटक झाली. तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्ध बाई वर आल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरे केस आखूड कापलेले. आग लागलेली नाही याची त्यांनी प्रथम खात्री करून घेतली, आणि मग रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांततेचा काळ असतो, हे आम्हांस सांगून त्या जिना उतरून गेल्या. त्या रात्रीपासून आमच्या घरी फोडणी खिडकी उघडी टाकूनच होऊ लागली. बाहेर हाडे गोठविणारा वारा, आत हिंगाचा वास आणि अंगात स्वेटर घातलेली सौ., हे दृश्य मी विसरणार नाही.

पुढे एकेक नियम कळत गेला. केराच्या पेट्या अनेक आणि निरनिराळ्या रंगांच्या. कागदाची निळी, भाजीपाल्याच्या टाकाऊ भागाची तपकिरी. काचेचीही दोन कुळे, पांढरी निराळी आणि रंगीत निराळी. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली विकत घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातील यंत्राच्या तोंडात घातली की ती अनामत परत मिळते. बीअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट मिळतात. ज्यांस एवढ्याशा रकमेसाठी दुकानापर्यंत जाण्याचा कंटाळा, ते बाटली पेटीत न टाकता पेटीच्या बाजूस उभी करून ठेवतात. ती कोणासाठी, हे मला प्रथम उमगले नाही. पुढे एके सकाळी जुनाट कोट घातलेले माझ्याच वयाचे एक गृहस्थ पाठीवर पिशवी घेऊन त्या बाटल्या वेचताना दिसले. गरिबी त्या शहरातही आहे. मात्र तिला केरात हात घालावा लागू नये इतके भान राखणारी माणसेही तेथे आहेत.

रविवारी दुकाने बंद. सकाळी पाववाल्यांची काही दुकाने थोडा वेळ उघडतात, असे थोडे अपवाद. रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, असे कलम १९१९ च्या त्यांच्या घटनेत होते आणि तेच १९४९ च्या घटनेतही जसेच्या तसे राखले गेले आहे. मला हे ठाऊक नसल्याने एका रविवारी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन मी अंगणातील काचेच्या पेटीपाशी गेलो व ती आत सोडली. खळ्ळकन आवाज झाला. त्याच तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली. त्या काय बोलल्या ते नातीने मला समजावून दिले. ‘आजोबा, त्या म्हणतायत, काच रविवारी टाकायची नाही. आवाज होतो.’ मी हात जोडले. बाईंनी मान किंचित लववली आणि खिडकी लावून घेतली.

रस्ता ओलांडण्याच्या खांबावर लाल व हिरवा असा एक चिमुकला मनुष्य उजळतो. त्याच्या डोक्यावर टोपी आहे. शहराची दोन शकले झालेली असताना पूर्व भागात १९६१ साली कार्ल पेग्लाऊ यांनी तो योजिला, आणि पुढे दोन्ही भाग एक झाल्यावर तो पश्चिमेकडेही पसरला. एके सकाळी नातीस शाळेत पोहोचवीत असता पाहिले, की दोन्ही दिशांस दृष्टी पोहोचेल तेथवर एकही वाहन नाही, तरीही लहान मुले उभी आहेत म्हणून मोठी माणसे लाल मनुष्यापुढे निमूटपणे थांबली आहेत. आपल्या वर्तनाचा कित्ता मुले गिरवतात, हे मी शाळेत किती वेळा सांगितले असेल! येथे ते रस्त्यावर पाहावयास मिळाले. त्या दिवशी मी गावाकडील मित्रास मोबाईलवरून लांबलचक निरोप पाठविला. त्याचा शेवट अर्थातच ‘नाही तर आपल्याकडे!’ असा होता.

या निरोपाची शाई, असे म्हणता येत असेल तर, वाळते न वाळते तोच माझी परीक्षा झाली. तेथील भूमिगत आगगाडीस ‘ऊ-बान’ म्हणतात. ती १९०२ पासून चालू आहे. स्थानकावर जाण्यास फाटक नाही, दारात तिकीट पाहणारा कोणी नाही. ज्याने त्याने तिकीट घ्यावे व गाडीत बसावे. या विश्वासाचे मला फार कौतुक वाटे. एके दिवशी दुपारी मी प्रथमच एकटा निघालो. चिरंजीवांनी आदल्या दिवशीच आणून दिलेले तिकीट खिशात जपून ठेवले होते. दोन स्थानके गेली. दारे मिटताच साध्या वेषातील दोन तरुण उठले व त्यांनी ओळखपत्रे दाखविली. मी अभिमानाने माझे तिकीट पुढे केले. त्यांतील एकाने ते उलटसुलट करून पाहिले आणि मान हलविली. फलाटावर एक लहानशी पेटी असते. तिच्यात तिकीट सारून त्यावर दिनांक व वेळ यांचा शिक्का उमटवून घ्यावयाचा असतो. तो नसेल तर तिकीट घेतले काय आणि न घेतले काय, दोन्ही सारखेच. दंड ६० युरो, म्हणजे आपले सहा हजार रुपये.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागलो, की तिकीट पाहा, पैसे भरलेले आहेत, फसविण्याचा हेतू नाही, मी शिक्षक होतो. तो तरुण उद्धट नव्हता. त्याने माझे बोलणे पुरते ऐकून घेतले, आणि मग शांतपणे दंडाचा कागद लिहावयास घेतला. डब्यात पंधरावीस माणसे होती. कोणी हसले नाही, कोणी रागावून पाहिले नाही, आणि कोणी माझ्या बाजूने एक शब्दही उच्चारला नाही. सगळे आपापल्या हातातील मोबाईलकडे वा खिडकीबाहेरील काळोखाकडे पाहत होते. ती शांतता मला दंडापेक्षा अधिक लागली. दोष सर्वस्वी माझा होता, यात वाद नाही. तरीही चाळीस वर्षे मुलांस खरे बोलावे म्हणून शिकविलेला मनुष्य त्या डब्यातून उतरला तो चोर ठरूनच उतरला.

घरी आल्यावर नात रडवेली झाली. ‘मला माहीत होतं आजोबा, मी सांगायला हवं होतं,’ असे ती पुनःपुन्हा म्हणू लागली. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, मनाला लावून घेऊ नका, असं सगळ्यांचंच एकदा तरी होतं.’ परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण सहा हजार रुपये हे नव्हते. मला एक मुलगा आठवत होता. गृहपाठाची वही घरी राहिली, असे तो म्हणाला होता. पाठ केला आहे, वही विसरली, असे त्याने दोनदा सांगितले. मी म्हटले, ‘वही नाही म्हणजे गृहपाठ नाही,’ आणि त्यास तासभर बाकावर उभे केले. वर्गातील चाळीस मुले आपापल्या पुस्तकात डोके घालून बसली होती. त्या शांततेस मी त्या काळी शिस्त म्हणत असे व तिचा मला गर्व होता. मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे स्पष्ट उभा राहिला. नाव मात्र काही केल्या आठवेना.

यानंतरच, मान खाली घालून चालू लागल्यावर, आमच्याच इमारतीच्या दारापुढील फरसबंदीत बसविलेले तीन पितळी चौकोन माझ्या दृष्टीस पडले. तळहाताएवढे, प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटरची. महिनाभर मी त्यांवरून ये-जा करीत होतो. नाणी शोधणाऱ्यासारखा वाकून पाहू लागलो, तेव्हा नात म्हणाली, ‘त्यांच्यावर पाय नाही द्यायचा आजोबा. इथे राहत होते ते.’ प्रत्येक चौकोनाच्या आरंभी ‘येथे राहत होते’ एवढेच शब्द कोरलेले. खाली नाव, जन्माचे वर्ष, कोठे नेले आणि काय झाले. नावे मी येथे लिहीत नाही. एक पुरुष, एक स्त्री आणि एक मुलगी. तिघांस १९४३ साली ऑश्विट्झ येथे नेऊन मारले. मुलगी आठ वर्षांची होती. ती यहुदी होती, एवढाच तिचा अपराध.

गुंटर डेम्निग नावाच्या शिल्पकाराने हे दगड बसविण्यास आरंभ केला. बर्लिनमधील पहिले १९९६ साली, परवानगीवाचूनच, बसविले गेले. आज युरोपभर त्यांची संख्या एक लाखावर आहे, आणि एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांवर. मारले गेलेल्यांची स्मारके पुष्कळ ठिकाणी असतात. येथे विशेष हा, की दगड असतो तो त्यांच्या स्वतःच्या दारापुढे. ‘कोठे तरी, कोणावर तरी’ अन्याय झाला, असे म्हणून सुटता येत नाही. या दारातून, या जिन्यावरून, या शेजाऱ्यांच्या देखत नेले, असे तो दगड सांगतो.

नोव्हेंबरची ९ तारीख त्या वर्षी रविवारी आली. १९३८ साली याच रात्री जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली व दुकाने फोडली गेली. दुपारी खाली उतरलो तर आमच्या तळमजल्यावरच्या बाई गुडघ्याखाली लहानशी गादी घेऊन दारापुढे बसलेल्या. हातात फडके. आमच्या देवघरातील तांब्या-पळी सौ. जशी घासते, तशा त्या एकेक पितळी चौकोन घासून लखलखीत करीत होत्या. रस्त्यावर पलीकडेही दोन ठिकाणी माणसे अशीच वाकलेली होती. मी थांबलो. नात माझ्यासवे होती, म्हणून बोलणे होऊ शकले. बाईंनी सांगितले, की त्यांची आई याच घरात लहानाची मोठी झाली. त्या रात्री जिन्यात बुटांचे आवाज झाले, हे तिने ऐकले होते. मुलीचे रडणेही ऐकले होते. घरात सगळे जागे होते. कोणत्याही मजल्यावरचे दार उघडले नाही. सकाळी सारे वेळेवर कामास गेले. आईने ही गोष्ट वयाच्या सत्तरीपर्यंत कोणास सांगितली नव्हती.

हे सांगताना त्यांचा स्वर, रविवारी काच टाकू नका म्हणून सांगताना होता तसाच, सरळ व कोरडा होता. त्यांनी आपल्या आईस दोषही दिला नाही व तिची बाजूही मांडली नाही. सांगून झाल्यावर त्यांनी तीन मेणबत्त्या काढल्या. एवढ्यात सौ. वर गेली आणि दिवाळीतील उरलेली एक पणती तेलवात घालून घेऊन आली. मला म्हणाली, ‘अहो, विचारा ना त्यांना, चालेल का?’ त्यांस चालले. वाऱ्याने पणती राहीना, तेव्हा बाई आत जाऊन मुरंब्याची रिकामी काचेची बरणी घेऊन आल्या आणि पणती तिच्यात ठेवली. सव्वाचारच्या सुमारास अंधार पडला. दारापुढे चार दिवे तेवढे राहिले.

यापूर्वी महिनाभर ज्या शिस्तीचे मी गोडवे गात होतो, तिच्याकडे आता मला निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडले. पुढील आठवड्यात चिरंजीवांनी मला ग्रूनेवाल्ड स्थानकावर नेले. स्थानक झाडीत आहे, आजूबाजूस श्रीमंतांची टुमदार घरे आहेत. तेथील १७ क्रमांकाच्या फलाटावरून १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या यहुद्यांची पहिली गाडी पूर्वेकडे सुटली; तीत हजाराहून अधिक माणसे होती. युद्ध संपेपर्यंत त्या शहरातून पन्नास हजारांहून अधिक माणसे अशी नेली गेली. आज त्या फलाटाच्या दोन्ही कडांस पोलादाचे १८६ पत्रे बसविलेले आहेत. १९९८ साली ते स्मारक झाले. प्रत्येक पत्र्यावर दिनांक, माणसांची संख्या, कोठून व कोठे, एवढेच. रुळांमध्ये आता झाडे वाढली आहेत. मी एका कडेने चालत गेलो व दुसऱ्या कडेने परत आलो. पत्र्यावरील मजकूर आपल्या शाळेच्या हजेरीपत्रकाइतकाच नीटनेटका आहे.

तेथे चिरंजीवांनी मला एक गोष्ट सांगितली. इतिहासकारांनी कागदपत्रांवरून ती सिद्ध केली आहे. त्या गाड्यांचे भाडे आकारले जात असे. तिसऱ्या वर्गाचा दर, दर किलोमीटरास माणशी चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांस अर्धे भाडे, चार वर्षांखालील मुलांस माफ. चारशेहून अधिक माणसे एकत्र असली म्हणजे समूहाची सवलत. त्या माणसांचे भाडे केवळ जाण्याचे. पहारेकऱ्यांचे मात्र जाण्यायेण्याचे. वाचकहो, हे ऐकताना माझा हात आपोआप खिशातील तिकिटाकडे गेला. त्या तिकिटावर मी त्या दिवशी विसरता शिक्का मारून घेतला होता. आमच्या दारापुढच्या आठ वर्षांच्या मुलीचे अर्धे तिकीट कोणी तरी हिशेबाच्या वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिले असेल, बेरीज बरोबर जुळली असेल, आणि तो मनुष्य संध्याकाळी वेळेवर घरी जाऊन रविवारची शांतता पाळीत असेल.

म्हणून काय शिस्त वाईट? असे मी म्हणत नाही. काचेची पेटी रविवारी न वाजविणारे लोक मला आजही आवडतात, आणि दंड करणाऱ्या त्या तरुणावर माझा राग नाही. मात्र शिस्त हे भांडे आहे. त्यात काय शिजत आहे, हे ज्याचे त्याने झाकण काढून पाहिले पाहिजे. वर्गातील मुले गप्प बसली म्हणजे शिस्त आली, असे मी आयुष्यभर समजत होतो. गप्प बसणे दोन प्रकारचे असते. दुसऱ्यास त्रास होऊ नये म्हणून गप्प बसणे हा गुण आहे. दुसऱ्यास त्रास होत असता गप्प बसणे हा त्याच गुणाचा वेष घेतलेला दोष आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, ही अडचण.

त्याच शहरात याच्या उलट वागल्याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १९२८ साली इरावतीबाई कर्वे, महर्षी अण्णासाहेबांच्या सूनबाई, संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. डालेम भागातील मानवशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. माणसांच्या कवट्यांतील विषमतेवरून वंशावंशांतील उच्चनीचता दिसून येते, असा त्या परंपरेचा समज. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि मोजमापांत वंशानुसार तसा भेद सापडत नाही असे आपल्या प्रबंधात लिहिले. परकी भूमी, परकी भाषा आणि पदवी देणे वा न देणे गुरूच्या हाती. अशा स्थितीत गुरूस नको असलेले उत्तर लिहिणे सोपे नव्हते. तेच फिशर पुढे १९३३ साली, हिटलरच्या राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. ती इमारत आज दुसऱ्या विद्यापीठाकडे आहे, आणि त्या संस्थेच्या कृत्यांची पाटी तेथेही दाराशी लावलेली आहे. मी ती पाहून आलो. बोप पंडितांच्या विद्यापीठापुढे जेवढा वेळ उभा राहिलो होतो, त्याहून येथे अधिक वेळ उभा राहिलो.

आता घरी परतून दोन महिने होत आले. लोक येतात, ‘काय मग गुरुजी, कसं काय आहे तिकडे?’ असे विचारतात, आणि मी रस्त्यांची स्वच्छता सांगतो, कारण ते सांगणे सोपे असते. परंतु एक गोष्ट मी आजवर कोणासही सांगितलेली नाही, ती येथे लिहितो.

आमच्या गावच्या घरी मागील पडवीत भिंतीला एक कोनाडा आहे. माझ्या लहानपणी त्यात कान तुटलेला एक कप पालथा घालून ठेवलेला असे. परसदार झाडावयास एक बाई येत. त्यांचे काम संपले की त्या स्वतः तो कप काढून, धुऊन, पायरीखाली उभ्या राहत; आमची आजी वरून त्यात चहा ओती, कपास किटलीचा स्पर्श न होईल इतक्या उंचीवरून. चहा पिऊन, कप पुन्हा धुऊन, त्या तो कोनाड्यात पालथा ठेवीत. आमचे घर शिस्तीचे म्हणून गावात प्रसिद्ध होते. स्नान, संध्या, पाठ, जेवण, सगळे वेळच्या वेळी. आजी मायाळू होती; त्या बाईंस तिने चहा कधी चुकविला नाही. आणि आम्ही नऊ नातवंडे, रोज ते पाहणारी, त्यांतील एकानेही ‘आजी, त्यांचा कप निराळा का?’ असे विचारले नाही. मीही नाही. मी तर वर्गात पहिला येत असे.

त्या घटनेची आणि बर्लिनमधील त्या रात्रीची बरोबरी करावयाची नाही. तशी ती होऊही शकत नाही. तरीही पितळी दगड घासणाऱ्या त्या बाईंपासून मला एवढे शिकावयास मिळाले, की दुसऱ्याच्या गावाचा स्वच्छ रस्ता पाहून येण्यापेक्षा आपल्या उंबऱ्यापुढे वाकून पाहणे अधिक अवघड असते, आणि ते करणारी माणसे त्याच स्वच्छ रस्त्यावर राहतात. तेथून आणावयाची वस्तू असेल तर ती हीच.

गेल्या पंधरवड्यात मी गावी जाऊन आलो. कोनाडा अद्याप आहे. त्यात आता विजेचे मीटर बसविलेले आहे. त्या बाई केव्हाच गेल्या असतील. गावातील दोघातिघा वृद्धांस मी त्यांचे नाव विचारले. ‘ती होय, झाडायला येणारी?’ एवढे सर्वांस आठवते. आम्ही त्यांस नावाने कधी हाक मारली नव्हती, म्हणून नाव कोणालाच ठाऊक नाही. धाकट्या आतेस विचारावयाचे राहिले आहे. तिचे वय नव्वद आहे, ती नागपुरास असते. हा लेख पाठविला की तिच्याकडे जाण्याचे तिकीट काढणार आहे.